तिळूची वही

सलग नवव्या सकाळी टिश्यू पेपरचा तो कोपरा कोरा निघाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या घरात हा वाक्प्रचार जरा जपूनच वापरावा लागतो, कारण काचेच्या पेटीत खरीखुरी पाल राहते. लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके, म्हणून नाव तिळू. आई मात्र पहिल्या दिवसापासून तिला ‘तुझी पाल’च म्हणते आणि तसं बघितलं तर त्यात चूक काहीच नाही. फक्त भिंतीवरच्या पालीसारखी चिकटणारी बोटं हिला नाहीत, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. आणि हिला पापण्या आहेत, म्हणजे डोळे मिटून झोपते. डोळे मिटून झोपलेली पाल बघितल्यावर आईचा निम्मा विरोध मावळला होता.

तर, शी. पुढचं बरंचसं लिखाण शीबद्दल आहे. ज्यांना किळस येते त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

तिळू माझ्याकडे आली तेव्हा साधारण दोन वर्षांची होती. ज्याने दिली त्याने पेटी, दिवे, डब्या सगळं दिलं आणि शेवटी एक जुनी वही हातात ठेवली. म्हणाला, “ही आजारी आहे हे तुला दिसणार नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून लिहीत जा.” रानात जो अशक्त दिसतो त्याला आधी कुणीतरी उचलतं, त्यामुळे हे प्राणी शेवटपर्यंत सगळं ठीक असल्याचं सोंग आणतात. वहीत रकाने आखलेले होते: तारीख, खाणं, शी, वजन, कात. मला तेव्हा हसू आलं होतं. पालीची जमाखर्चाची वही!

पण महिन्याभरात चटक लागली. गेकोची शी वाचता येते, हे मला नव्यानेच कळलं. तब्येत चांगली असली की तिचे दोन भाग असतात. एक गडद तपकिरी, ओलसर, धड आकाराचा. त्याच्या टोकाला खडूच्या तुकड्यासारखा पांढरा गोळा. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. शरीरातला कचरा आपल्यासारखा पाण्यात विरघळवून टाकायचा तर पाणी फार लागतं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागात वाढलेल्या या जातीला तेवढी चैन परवडत नाही. म्हणून घट्ट यूरिक आम्ल करून टाकायचं आणि पाणी वाचवायचं. तो गोळा पांढरा, मऊसर असेल तर पाणी पुरतंय. पिवळा किंवा नारिंगी, भुरभुरीत झाला तर पाणी कमी पडतंय. तपकिरी भाग पातळ आणि नेहमीपेक्षा घाण वासाचा आला तर जंतांची शंका. त्यात किडे अख्खेच्या अख्खे दिसले तर पचनच झालेलं नाही.

आणि तिळू या बाबतीत कमालीची शिस्तीची. पेटीच्या थंड बाजूचा एकच कोपरा, बाकी कुठे नाही. त्या कोपऱ्यात टिश्यू पेपरची घडी अंथरून ठेवायची आणि सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी तिथे डोकवायचं. माझ्या फोनमध्ये नातेवाइकांच्या फोटोंपेक्षा या कोपऱ्याचे फोटो जास्त आहेत, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वजन मात्र रविवारीच. सुरुवातीला मी उत्साहाने रोज करायचे आणि रोज काळजीत पडायचे. साठेक ग्रॅमचा जीव. एका शीने पाऊण ग्रॅमचा फरक पडतो, चार किडे खाल्ले की काटा पुन्हा वर. आकडे नुसते नाचत राहतात, त्यांतून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, खायला घालायच्या आधी केलं की मग रेष दिसायला लागते. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, त्यावर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, काटा शून्यावर आणायचा आणि तिळूला आत सोडायचं. ती आत बसून एकदा जिभेने डोळा चाटते, एकदा माझ्याकडे बघते. तेवढ्यात आकडा टिपायचा.

आता मूळ गोष्ट. त्या रविवारी वजन होतं ६१.४. पुढच्या रविवारी ६०.९. मग ६०.१, ५९.३, ५८.४, ५७.६. पाच आठवड्यांत ३.८ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण साठ किलोच्या माणसाचे जवळजवळ चार किलो उतरावेत तसं ते झालं. आणि हे सगळं मी स्वतःच्या हाताने, निळ्या पेनने, एकाखाली एक लिहिलेलं होतं. तरी दिसलं नाही, कारण दर वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं. पहिल्या आठवड्यात ती कात टाकणार होती. कात टाकायच्या आधी हिचं अंग राखाडी, दुधाळ पडतं, भूक मंदावते, आणि कात निघाली की ती स्वतःच ओढून खाऊन टाकते. म्हणजे ते कारण खरंच होतं. दुसऱ्या आठवड्यात मी तेच कारण पुढे चालवलं. तिसऱ्या आठवड्यात ‘हवा बदललीय’. चौथ्यात ‘मध्यंतरी लाड जास्त झाले होते, आता बेताने खातेय, बरंच आहे’.

शीच्या रकान्यातही तेच. आधी दोन-तीन दिवसांनी व्हायची, मग चार, मग पाच. शेवटच्या नोंदीपुढे मी ‘ठीक’ असं लिहिलं होतं. नंतर फोनमधला त्या दिवसाचा फोटो मोठा करून बघितला. त्यात मीलवर्म या तिच्या खाण्यातल्या अळ्यांची कवचं होती, सोललेल्या शेंगांसारखी, आणि त्यांतल्या दोन तर आतून भरलेल्या. ठीक कसलं? ठीक असावं अशी माझी इच्छा होती, ती मी रकान्यात लिहून ठेवली होती.

नवव्या दिवशी तिला पारदर्शक डब्यात घालून डबा डोक्यावर धरला आणि खालून बघितलं. गेकोच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की आतल्या सावल्या दिसतात. गुलाबी पोटावर एका जागी निळसर काळी सावली होती. त्यातली काही यकृताची असते, ती निरोगी गेकोलाही दिसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की काहीतरी काळं आहे. पोट मधोमध फुगलेलं आणि शेपूट मात्र मुळाशी उतरलेलं. शेपूट म्हणजे हिचं कोठार, चरबी तिथे साठवतात. चांगल्या दिवसांत ते मानेइतकं जाड असतं.

आतडं तुंबलंय, हे मी ठरवूनच टाकलं. काही आठवड्यांपूर्वी पेटीत माती घातली होती, तीच पोटात गेली असणार. गेको पाळणाऱ्यांत या एका गोष्टीची जेवढी धास्ती असते तेवढी दुसऱ्या कशाची नसेल. वाळू, माती, बारीक खडे चाटताना पोटात जातात आणि साचतात, हे खरंही आहे. मग उपाय सुरू. कोमट पाणी, तीसेक अंश, तिचे पाय कोपरापर्यंतच बुडतील इतकं, पंधरा मिनिटं. तिळू त्या पाण्यात पाहुणीसारखी अवघडून उभी. मी बोटाने पोटाच्या बाजू हळू चोळतेय, दाबायचं नाही हे मनाला बजावत. काही नाही. कुणीतरी तोंडात तेलाचा थेंब सोडायला सांगितलं होतं. ते केलं नाही. तेल श्वासनळीत गेलं तर शीचा प्रश्न राहील बाजूला. एवढी अक्कल मात्र शिल्लक होती.

दहाव्या सकाळी पाण्याच्या वाटीजवळ रातकिडा पडलेला दिसला. अख्खा. पाय जागच्या जागी, वर बुळबुळीत थर आणि आंबूस वास. चार दिवसांपूर्वी तिने तोंड फिरवलं असताना चिमट्यात धरून, नाकासमोर नाचवून नाचवून मीच तो तिला खायला लावला होता. चार दिवस तो तिच्या पोटात जसाच्या तसा पडून होता.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे दुपारची वेळ मिळाली. तिळू, वही, फोटो आणि एका डबीत तो रातकिडा, असं सगळं घेऊन गेले. डबी द्यायला मला लाज वाटत होती. डॉक्टरांना मात्र तिचंच सगळ्यांत कौतुक. “हे आणलंत ते फार बरं केलंत,” म्हणाल्या. त्यांनी तोंड उघडून आतला रंग बघितला, शेपटाच्या मुळाशी बोट फिरवलं, पोट चाचपलं आणि एक्स-रे काढला.

पडद्यावर तिळू एवढीशी, पण तिची सगळी हाडं ठळक पांढरी. म्हणजे कॅल्शियम नीट मिळतंय, ती काळजी मिटली. वाळू असती तर पांढरे कण चमकले असते. एकही नव्हता. आतड्यात अन्न होतं, मध्ये मध्ये हवेचे काळे कप्पे होते.

“तुंबलेलं काही नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “थांबलंय. उबेच्या बाजूला किती अंश ठेवता?”

“बत्तीस.”

“बत्तीस कुठे?”

मला प्रश्नच कळला नाही. थर्मोस्टॅटवर, म्हणजे ऊब ठरल्या अंशावर ठेवणाऱ्या यंत्रावर, बत्तीस. लाल आकड्यांत, दिवसरात्र. त्यांनी विचारलं, थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठे आहे? मी सांगितलं, पेटीच्या तळाखाली, ऊब देणारी हीट मॅट आणि काच यांच्या मध्ये. आणि काचेच्या वर काय आहे? चार सेंटीमीटर माती, तिच्यावर जाड दगडी फरशी. बोलता बोलताच माझा आवाज खाली गेला.

त्यांनी वही मागे चाळली. वजन घसरायला लागलं त्याच्या आदल्या आठवड्यात समासात मी लिहिलं होतं, ‘नवं घर! माती, फरशी, सगळं. काय गोड दिसतेय!’ शेजारी हसरा चेहराही काढला होता. आधी नुसता कागद अंथरलेला असायचा, तो मला ओकाबोका वाटायचा. म्हणून हौसेने सगळं बदललं, आणि ज्या दिवशी बदललं त्याच दिवशी तारखेसकट नोंद केली. उत्तर वहीतच होतं. ते रकान्यात नव्हतं, समासात होतं, आणि समास कोण वाचतो!

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. आपलं शरीर आपली ऊब स्वतः तयार करतं, हिचं बाहेरून घेतं. पोटातले पाचक रस काम करणार, आतडी हलणार, ते अंगात ऊब असेल तरच. थंड पोटात गेलेला किडा पचत नाही, तिथेच कुजायला लागतो, आणि शेवटी शरीर तो उलटा बाहेर फेकतं. खायला जितकं जास्त घालावं तितकं नुकसान. मी नाचवून नाचवून घातलेला रातकिडा मला पुन्हा आठवला.

पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. उलटी, उतरलेलं वजन, बारीक झालेलं शेपूट या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचा विचार करावाच लागतो. तो पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराला चिकटतो, गेको खात असली तरी वाळत जाते, शेपटाची काडी होते. खात्रीने बरं करणारं औषध नाही आणि साध्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. तपासणीसाठी ताजी शी हवी. म्हणजे जी दहा दिवस होत नव्हती नेमकी तीच.

तिळूला कातडीखाली सलाइनचे दोन इवलेसे डोस मिळाले आणि मला क्रम पाठ करून घ्यायला लावला: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. शी होईपर्यंत किडे बंद.

घरी येऊन पहिल्यांदा इन्फ्रारेड थर्मामीटर फरशीवर रोखला. २६.३. वर थर्मोस्टॅट ३२.० दाखवतोय. दोन्ही आकडे खरेच होते. एक मॅटचा, दुसरा तिळूच्या पोटाखालचा. साडेपाच आठवडे मी मॅटची तब्येत सांभाळत होते.

रात्री आठपर्यंत उबेच्या बाजूची माती काढली, जाड फरशीच्या जागी पातळ ठेवली, प्रोब फरशीच्या वर आणून पक्का चिकटवला आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून वरून उष्णता देणारा दिवाही थर्मोस्टॅटला जोडून लावला. रानात खडक उन्हाने वरूनच तापतो आणि त्याची ऊब रात्री उरते, तसं. फरशीवर ३२.५, थंड बाजूला २४. दोन्ही टोकं हवीत. पाहिजे तेव्हा उठून गारव्याला जाता आलं पाहिजे, नाहीतर तीही शिक्षाच. ओल्या मॉसची कात टाकायची डबी मध्यावर ठेवली. तिळू आपल्या बिळातून हे सगळं बघत होती. आवराआवर संपल्यावर अर्ध्या तासात बाहेर आली, फरशीवर चढली, पोट पूर्ण टेकवलं आणि चारही पाय चार दिशांना सोडून दिले. इतक्या आठवड्यांत तिला असं पसरलेलं बघितलंच नव्हतं, आणि बघितलं नव्हतं हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री झोप लागेना. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन कोपऱ्यात डोकावले.

झाली होती! आणि काय होती म्हणून सांगू. लांबलचक, जवळजवळ काळी, कोरडी, कवचांनी खच्चून भरलेली, टोकाला पिवळट भुरभुरीत गोळा. एरवी अशी दिसली असती तर धाबं दणाणलं असतं. मी जाऊन आईला उठवलं.

“अगं, पहाटे साडेपाचला मला पालीची शी दाखवायला उठवलंस?”

पण आली. चष्मा लावून, वाकून बघितली. “बरीच आहे की,” म्हणाली, आणि त्यातलं समाधान तिला लपवता आलं नाही.

नमुना घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत घालायचा, वाळू द्यायचा नाही, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायचा, एका दिवसाच्या आत पोहोचवायचा. फ्रिज म्हटल्यावर आईने अटी घातल्या: एकावर एक तीन पिशव्या, सगळ्यांत खालचा कप्पा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘उघडू नये’. दवाखाना उघडेपर्यंतच्या साडेतीन तासांसाठी.

सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल त्याच दिवशी मिळाला. पिनवर्म जंतांची थोडी अंडी. मी लगेच औषध मागितलं. डॉक्टरांचं मत पडलं की गेकोंमध्ये एवढी थोडी अंडी पुष्कळदा सापडतात. आधीच थकलेल्या पोटावर औषधाचा भार घालण्यापेक्षा तिला सावरू द्यावं, महिन्याने परत बघावं. क्रिप्टोची पीसीआर चाचणी बाहेर पाठवली होती, तिला काही दिवस लागले. त्या दिवसांत मी पेटीला हात लावला की कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि तिचं शेपूट बघितलं की ते कालच्यापेक्षा बारीक वाटायचं. निकाल नकारार्थी आला. तो परजीवी प्रत्येक शीत सापडतोच असं नाही, म्हणून महिन्याने तीही चाचणी पुन्हा केली. पुन्हा नाही. आणि पिनवर्मची अंडी दुसऱ्या खेपेला औषधाशिवायच जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

खाणं सुरू केलं ते दोन लहान रातकिड्यांनी. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, हे माप आता माझ्या नजरेत बसलंय. किड्यांना आदल्या दिवशी हिरवा पाला घालून पोटभर खाऊ घालायचं, कारण त्यांच्या पोटात जे असेल ते हिच्या पोटात जातं. वर कॅल्शियमची पूड. किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, ती तूट भरून काढायला. वजन लवकर चढावं म्हणून वॅक्सवर्म नावाचे किडे घालायचा मोह झाला होता. पण ते म्हणजे नुसती चरबी, आणि एकदा चव लागली की गेको बाकी सगळ्याला नाक मुरडते. घातले नाहीत. चौथ्या दिवशी दुसरी शी झाली, तिच्यात पांढरा भाग खरोखर पांढरा होता. पहिल्या खाण्यानंतरच्या रविवारी वजन ५७.०, म्हणजे सगळ्यांत खाली. पुढच्या रविवारी ५७.३. मग ५८.१. घसरताना जेवढे आठवडे लागले होते त्याच्या जवळपास दुप्पट वर चढायला लागले.

वहीत एक रकाना वाढला, पोटाखालचे अंश, रोज, थर्मामीटर रोखून. आणि ‘ठीक’ हा शब्द मी बंद केला. आता ‘तपकिरी, ओली, पांढरा गोळा मऊ, एक कवच’ असं लिहिते. आई म्हणते कादंबरी लिहितेस.

मागच्या रविवारी तिळू डब्यात बसली होती, काटा ६१.८ वर स्थिर झाला होता, मी पेन उचललं. तिने मला बघितलं, डोळा चाटला, शेपूट हळूच वर उचललं आणि तिथेच, डब्यात, काम उरकलं. आयुष्यभराची शिस्त मोडून. मी टिश्यूने पुसून घेतलं, तिला परत ठेवलं. ६१.०. आता कुठला लिहायचा? दोन्ही लिहिले, मध्ये तिरकी रेघ मारून.

आतून आईचा आवाज आला, “झाली का?”

“झाली.”